डिपेंडंट व्हिसा की स्पाउस स्पॉन्सरशिप? सुपारी फोडण्याआधी फरक समजून घ्या

"मुलगा कॅनडात असतो, लग्न झालं की मुलीला तिकडं नेणार." जुळे सोलापूरच्या बंगल्यात असो की पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्याच्या घरात, स्थळाच्या बोलण्यात हे वाक्य आलं की पुढची सगळी चर्चा मंगल कार्यालयाच्या तारखेवर जाते. नेणार म्हणजे कुठल्या कागदावर नेणार, हे फार कमी जण विचारतात. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: "तो स्पॉन्सर करतोय ना!" या एका उत्तरात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळून जातात. एक डिपेंडंट व्हिसा आणि दुसरी जोडीदाराची स्पॉन्सरशिप. विमान तेच, विमानतळावरचे हार-तुरेही तेच. पण तिथं उतरल्यावर मुलीला नोकरी करता येईल का, नवऱ्याची नोकरी गेली तर तिचं काय होईल आणि संसार मोडला तर ती कुठं उभी राहील, ही सगळी उत्तरं या फरकावर ठरतात.

डिपेंडंट व्हिसा नवऱ्याच्या तात्पुरत्या परवान्याला जोडलेला असतो. त्याचा परवाना ज्या तारखेपर्यंत, साधारण त्याच तारखेपर्यंत तिचा. तो तिथं नोकरीवर किंवा शिक्षणासाठी असतो. त्या देशाचा नागरिक किंवा कायम रहिवासी नसतो. स्पॉन्सरशिप मात्र नागरिकाला किंवा कायम रहिवाशालाच करता येते. अमेरिका आणि कॅनडात तो सरकारला लेखी हमी देतो आणि बायकोला तिच्या स्वतःच्या नावानं कायम राहण्याचा हक्क मिळतो. म्हणून पहिला प्रश्न पगाराचा किंवा घराचा नाही. मुलाच्या हातात आज नेमकं कुठलं कार्ड आहे आणि त्यावर कुठली तारीख आहे, हा आहे. तो विचारायला वधूपक्षानं अजिबात संकोच करू नये. (मुलगी तिकडं आणि जावई इथून जाणार असेल तर हेच सगळं उलट बाजूनं लागू होतं. अशी लग्नं आता आपल्याकडं नवलाची राहिलेली नाहीत.)

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथला. मुलगा एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल तर बायकोला एच-४ मिळतो. तो त्या मानानं लवकर होतो, लग्नानंतर काही महिन्यांत मुलगी तिथं पोचू शकते, आणि हा त्याचा खरा फायदा आहे. एच-४ वर शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही. कामाचा वेगळा परवाना मिळू शकतो, मात्र सगळ्यांना नाही. मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार, नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम रहिवासासाठी, कंपनीनं केलेला आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा लागतो किंवा त्याचा एच-१बी नेहमीच्या सहा वर्षांच्या पुढं वाढलेला असावा लागतो. म्हणजे नुकताच एच-१बी लागलेल्या मुलाशी लग्न करून गेलेल्या इंजिनिअर मुलीला बरीच वर्षं घरी बसावं लागू शकतं. तिला स्वतःचा एच-१बी हवा असेल तर स्वतःसाठी नोकरी देणारी कंपनी शोधून लॉटरीत नाव घालावं लागतं. नवऱ्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात त्याला दुसरी कंपनी मिळाली नाही किंवा दुसरा मार्ग निघाला नाही, तर दोघांनाही बाहेर पडावं लागतं. भारतात जन्मलेल्यांची नोकरीच्या वर्गातली ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांच्याही पुढं गेलेली आहे, त्यामुळं ही टांगती तलवार चार-सहा महिन्यांची नसते.

नवरा अमेरिकन नागरिक असेल तर चित्र पार बदलतं. तो बायकोसाठी आय-१३० अर्ज भरतो. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा नाही, त्यामुळं रांग नाही. लागतो तो फक्त कागद तपासण्याचा वेळ. इमिग्रंट व्हिसा घेऊन ती अमेरिकेत पाऊल ठेवते त्या दिवसापासून ती कायम रहिवासी असते आणि कुठंही नोकरी करू शकते. त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं, अटीसह मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून अट काढून घ्यावी लागते. हा अर्ज विसरला तर कायम रहिवासाचा हक्कच धोक्यात येतो.

नवऱ्याकडं नुसतं ग्रीन कार्ड असेल तर स्पॉन्सर करता येतं, पण तो वर्ग कोट्यात येतो आणि रांग महिन्यागणिक पुढं-मागं होते. इथं एक गोष्ट सोलापुरात जवळपास कुणालाच माहीत नसते. नोकरीतून ग्रीन कार्ड मिळण्याच्या आधी लग्न झालेलं असेल, तर बायको त्याच अर्जात सोबत किंवा मागाहून येऊ शकते. वेगळी स्पॉन्सरशिप लागत नाही. कार्ड मिळाल्यावर लग्न झालं तर मात्र नवा अर्ज आणि नवी रांग. एका महिन्याच्या फरकानं मोठा वळसा पडू शकतो. मुलाचं ग्रीन कार्ड तोंडावर आलेलं असेल, तर मुहूर्त धरताना भटजींच्या बरोबरीनं तिथल्या वकिलालाही विचारा.

कॅनडात हाच तारखांचा मामला आणखी कडक आहे. तिथं कायम रहिवासाचा, म्हणजे पीआरचा, अर्ज करताना प्रत्येकानं आपलं लग्न झालंय की नाही हे सांगायचं असतं, आणि अर्ज चालू असताना लग्न झालं तर कळवायचं असतं. पीआर होण्याच्या दिवसापर्यंत बायकोचं नाव दिलंच नाही आणि तिची तपासणी झालीच नाही, तर नंतर तिला कुटुंब म्हणून स्पॉन्सर करण्याचा रस्ता साधारणपणे बंद होतो. सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर सोयरीक करू नये. आपल्याकडं हे कसं घडतं? घरचे म्हणतात, "अक्षता पडल्या खऱ्या, पण नोंदणी कुठं झालीय अजून? भर सिंगल म्हणून." हे चूक आहे. हिंदू पद्धतीनं विधिवत लागलेलं लग्न नोंदणीआधीही लग्नच असतं. उलटही होतं: व्हिसाच्या घाईसाठी आधी रजिस्टर लग्न उरकतात आणि सहा महिन्यांनी थाटात अक्षता टाकतात. मग कायद्यानं लग्नाची तारीख रजिस्टरची, आणि पत्रिकेवर मात्र दुसरीच. दोन तारखा असायला हरकत नाही, पण अर्जात त्या दोन्ही सरळ लिहून का ते सांगायला हवं.

नाव वेळेवर दिलेलं असेल तर दोघांचा पीआर एकाच अर्जात होतो, स्पॉन्सरशिपची गरजच पडत नाही. मुलगा आधीच पीआर किंवा नागरिक असेल तर तो स्पॉन्सर होतो. बायकोपुरता अर्ज असेल तर सहसा किमान उत्पन्नाची अट नसते, पण पुढची ३ वर्षं तिच्या मूलभूत गरजा भागवण्याची हमी तो सरकारला देतो. मधेच घटस्फोट झाला तरी ती हमी सुटत नाही. पूर्वी काही जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती, ती एप्रिल २०१७ मध्ये काढून टाकली. आता बायको पहिल्या दिवसापासून पूर्ण पीआर असते. एक गोष्ट लक्षात असू द्या: अशा प्रकारे पीआर मिळालेली व्यक्ती पुढची ५ वर्षं दुसऱ्या जोडीदाराला स्पॉन्सर करू शकत नाही.

कॅनडातला डिपेंडंट प्रकार म्हणजे नवऱ्याच्या वर्क परमिटवर किंवा शिक्षणावर बायकोला मिळणारं ओपन वर्क परमिट. एच-४ पेक्षा ते केव्हाही बरं, कारण नोकरी लगेच करता येते. पण २१ जानेवारी २०२५ पासून ते बरंच आवळलं आहे. नवरा विद्यार्थी असेल तर निदान १६ महिन्यांची मास्टर्स पदवी, डॉक्टरेट किंवा ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रम लागतो. नोकरीवर असेल तर वरच्या दर्जाचा किंवा ठरवून दिलेल्या यादीतला व्यवसाय आणि परमिटचे निदान १६ महिने शिल्लक लागतात. "आमच्या भाचीला मिळालं होतं की," हा पुरावा आता चालत नाही. कॉलेजच्या डिप्लोम्यावर गेलेल्या मुलाचं स्थळ आलं आणि मध्यस्थ म्हणाला की बायकोला वर्क परमिट मिळतंच, तर त्याला नियम दाखवायला सांगा.

इंग्लंडचं थोडक्यात. तिथं स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला नोकरी करता येते, त्यामुळं रोजच्या जगण्यात फरक कमी जाणवतो. नवरा ब्रिटिश नागरिक किंवा तिथं स्थायिक असेल तर स्पाउस व्हिसा. त्यासाठी एप्रिल २०२४ पासून किमान वार्षिक उत्पन्न २९,००० पौंड दाखवावं लागतं. जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सला गेलेल्या मुलाला बायकोला डिपेंडंट म्हणून नेता येत नाही.

आता कागद. डिपेंडंट व्हिसासाठी मुख्यतः नवऱ्याचे कागद आणि लग्नाचा दाखला लागतो. स्पॉन्सरशिपमध्ये लग्न खरं आहे, नुसतं कार्डासाठी केलेलं नाही, हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. ठरवून केलेली लग्नं त्या अधिकाऱ्यांना नवीन नाहीत. पण कॅनडाच्या अर्जात ओळख कुणी करून दिली, पहिल्यांदा प्रत्यक्ष कधी भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, असं सगळं विचारलेलं असतं. एका घरी हा फॉर्म भरताना मी समोर होते. पहिली भेट कधी, यावर आई म्हणाली, "गड्डा भरला होता की तेव्हा, मी हिला तिथूनच लवकर परत बोलावलं होतं." म्हणजे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, जानेवारी. फोनवर जावई सांगत होता डिसेंबर, कारण त्याच्या डोक्यात पहिला व्हिडिओ कॉल होता. दोघंही खरंच बोलत होते, पण फॉर्ममध्ये तो विसंवाद तसाच गेला असता तर अधिकाऱ्याला शंका यायला तेवढं पुरेसं होतं. म्हणून तिकडच्यानं आणि इकडच्यांनी एकत्र बसून, जुने मेसेज उघडून तारखा लावाव्यात. फोटोही सगळा अल्बम नको. पंधरा-वीस पुरेत, त्यात दोन्हीकडचे आई-वडील, मामा, करवल्या दिसाव्यात आणि मागं कोण कुणाचं ते लिहावं. डोंगरावर हात पसरून काढलेल्या प्री-वेडिंग फोटोंपेक्षा अक्षता टाकतानाच्या गर्दीचा फोटो जास्त मोलाचा.

नावाचा घोळ तर खास आपला. माहेरची अश्विनी बोहल्यावर श्रावणी होते, पत्रिकेत एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आधारवर तिसरंच आडनाव. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी की नंतर यावरूनही दाखल्यांत फरक पडतो. माझं स्पष्ट मत आहे: फाइल पूर्ण होईपर्यंत मुलीचं नाव बदलूच नका. लग्नाचा दाखला पासपोर्टवरच्या नावानंच घ्या. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार लग्नाच्या ९० दिवसांत नोंदणी करायची असते, त्याला तीन साक्षीदार लागतात. पाहुणे गावात आहेत तोवरच त्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स घेऊन ठेवा, नाहीतर साक्षीदार मामाला पुन्हा बार्शीहून बोलवावं लागतं.

स्पॉन्सरशिपला पोलिस क्लिअरन्स लागतो, तो पासपोर्ट विभागातून निघतो; सोलापूर पुण्याच्या कार्यालयाखाली येतं. कॅनडाचे बोटांचे ठसे पुण्याला देता येतात. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाची मुलाखत आपल्या भागातल्यांना मुंबईत असते आणि त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडं वैद्यकीय तपासणी. रात्रीची सिद्धेश्वर पकडून सकाळी थेट मुलाखतीला उभं राहू नका, आदल्या दिवशीच पोचा.

मग बरं कुठलं? मुलाकडं नागरिकत्व किंवा पीआर असेल तर हा प्रश्नच नाही, स्पॉन्सरशिपच करा, भले मुलीला काही महिने माहेरी थांबावं लागलं तरी. "सध्या टुरिस्टवर ये, पुढचं पुढं बघू," असं कुणी म्हणालं तर तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. मुलगा वर्क व्हिसावर असेल तर डिपेंडंट हाच मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त मुलीनं आपली इथली नोकरी सोडण्याआधी तिथं काम करता येणार आहे का, हे लेखी नियमात वाचलेलं असावं.

नको तो प्रसंग आला तर काय, हेही आधीच माहीत असावं. एच-४ वरच्या बाईचा घटस्फोट झाला की तिचं स्टेटस संपतं. तिला दुसरा व्हिसा शोधावा लागतो किंवा परतावं लागतं. दोन वर्षांच्या कार्डावर असलेली बाई, लग्न खरं होतं हे दाखवून घटस्फोटानंतर किंवा छळ झाला असेल तर एकटीनं आय-७५१ भरू शकते. कॅनडात स्पॉन्सरशिपवर पीआर झालेल्या बाईचा पीआर घटस्फोटानं जात नाही, आणि "तुला परत पाठवीन" ही नवऱ्याची धमकी तिथं पोकळ ठरते. अडचणीत भारतीय दूतावासाकडं तक्रार नोंदवण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे. पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि अर्जाचा फाइल नंबर मुलीच्या स्वतःच्या ताब्यात असावा, त्यांचे स्कॅन तिच्या ईमेलमध्ये आणि एक संच सोलापुरात आई-वडिलांच्या कपाटात.