खबर कुणी द्यायची? शाळा आणि पोक्सोचं कलम १९

रात्री शाळेचं कुलूप फोडून कुणी आत शिरलं, तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक होतं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ३९ मध्ये, अशा गुन्ह्यांची लांबलचक यादीच दिलेली होती. खून, दरोडा, रात्रीची घरफोडी, खोट्या नोटा, अगदी अन्नातली भेसळसुद्धा त्यात होती. बलात्कार मात्र नव्हता. त्यामुळे कुलपाची खबर द्यायलाच हवी होती, पण त्याच शाळेतल्या एखाद्या सरांनी वर्गातल्या मुलीला नको तिथे हात लावला, तर ते कळवलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. देशाच्या पातळीवर ही फट २०१२ मध्ये पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, येईपर्यंत उघडी राहिली.

या फटीतूनच शाळांची एक रीत तयार झाली. अजूनही ती पुरती गेलेली नाही, म्हणून ती नीट सांगायला हवी. तक्रार घेऊन आलेल्या आईवडिलांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवायचं, चहा मागवायचा. संस्थेचे एकदोन पदाधिकारी बोलवून घ्यायचे. मग समजुतीचा सूर लागतो: आम्ही चौकशी करतो, सरांना समज देतो, पण गवगवा करू नका, शेवटी तुमच्याच मुलीचं नाव होईल. सरांचा राजीनामा घेतला जातो, नाहीतर त्याच संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत बदली होते. सेवापुस्तकात एक ओळही पडत नाही. जूनमध्ये नव्या गावात नवा वर्ग समोर बसतो आणि तिथल्या मुलींना काहीच ठाऊक नसतं. या सगळ्याला ‘अंतर्गत चौकशी’ असं भारदस्त नाव आहे. या चौकशीने मुलीपेक्षा शाळेचंच रक्षण जास्त केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा बदलायला सुरुवात झाली ती शाळांमुळे नव्हे, तर मुलांच्या आश्रयस्थानांमुळे. मडगावात निराधार मुलांसाठी घर चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ साली पकडला गेला. त्याच्याकडे मुलांचे दोन हजारांहून जास्त अश्लील फोटो सापडले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पकडला जाईपर्यंत गावात तो परोपकारी माणूस म्हणूनच ओळखला जात होता. पुढे २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला. त्यातली एक तरतूद फारशी कुणाच्या लक्षात नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. फोटो धुणाऱ्या स्टुडिओवाल्याला फिल्ममध्ये मुलांची अश्लील चित्रं दिसली, तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणं त्याच्यावर बंधनकारक करण्यात आलं. डार्करूमच्या लाल उजेडात ओला कागद हातात धरलेल्या माणसाला कायद्याने सांगितलं, की तुला दिसलं आहे, आता हे प्रकरण तुझंही आहे. पुढे देशाने स्वीकारलेलं तत्त्व हेच.

मग आकडे आले. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तयार केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीची, विश्वासातली माणसं मोठ्या संख्येने होती. बहुतेक मुलांनी त्याआधी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं.

पोक्सो कायदा मे २०१२ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि १४ नोव्हेंबरला, बालदिनी, लागू झाला. खबर देण्याचं बंधन त्याच्या कलम १९ मध्ये आहे. गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे किंवा घडेल अशी धास्ती आहे, अशा कुणीही विशेष बाल पोलीस पथकाला नाहीतर स्थानिक पोलिसांना कळवायचं. खबरीला नोंद क्रमांक द्यायचा, ती लिहून घ्यायची, देणाऱ्याला वाचून दाखवायची. मूल स्वतः सांगत असेल तर त्याला समजेल अशा सोप्या भाषेत लिहायची. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. खबर न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पण संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर कैद एक वर्षापर्यंत आणि शिवाय दंड. हा वेगळा हिशेब मुद्दाम केलेला आहे. मुख्याध्यापकाच्या खोलीतला तो चहा कायदा करणाऱ्यांना ठाऊक होता.

आधी खात्री करून घ्या आणि मग कळवा, असं कलमात कुठेही म्हटलेलं नाही. तपास पोलिसांनी करायचा. तरी ‘माहीत असणं’ या शब्दांवर वाद झालाच. २०१८ मध्ये केरळमधल्या एका रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की शोध घेऊन माहिती मिळवण्याचं बंधन या कलमाने घातलेलं नाही. डॉक्टरांच्या बाबतीत ते समजण्यासारखं आहे. पण रोज सहा तास मुलांसोबत असणाऱ्या शाळेला ‘आम्हाला नक्की कळलं नव्हतं’ म्हणायला त्यातून आधार मिळू नये, असं मला वाटतं.

महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात न्यायालयाचा सूर बराच कडक होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं. तपासात १७ मुलींची नावं पुढे आली. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहीत असून कळवलं नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही खबर न देणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं.

आणि तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडलं. शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्याने बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार केल्याची तक्रार घेऊन पालक पोलीस ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदवायला जवळपास बारा तास लागले. २० तारखेला लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना का कळवलं नाही हे विचारलं. त्यानंतर शाळेच्या व्यवस्थापनावर माहिती दडवल्याचा गुन्हा दाखल झाला. कायदा तेव्हा बारा वर्षांचा झाला होता. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि प्रशिक्षण सक्तीचं करणारे २०२० चे नियमही होते. शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या नेमायचा मार्च २०२२ चा शासन निर्णयसुद्धा होता.

२१ ऑगस्टला सरकारने नवा निर्णय काढला: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, आणि अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं. यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल मुख्याध्यापकांनी गल्लत करू नये. शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं म्हणजे कलम १९ चं बंधन पार पडलं, असं होत नाही. खबर पोलिसांकडेच जायला हवी.

बहुतेक शाळांत मुलाचं रडणं, मुतारीकडे जायला घाबरणं, अंगावरचा ओरखडा सगळ्यात आधी दिसतो तो सेविका मावशींना, नाहीतर तासिका तत्त्वावरच्या बाईंना. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येणार नाही, असं कलम १९ सांगतं. पण ट्रस्टींच्या मर्जीवर असलेलं त्यांचं काम पुढच्या जूनमध्ये राहील का, याबद्दल ते काही सांगत नाही.