कार्ड बसलं, पीसीही बसला

सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला माझ्या मावसभावाचं घर आहे. खाली माग, वर संसार. वरच्या खोलीत खिडकीशी एक जुना पीसी आहे. दिवसा भाऊ त्यावर चादरी-टॉवेलची डिझाइनं करतो आणि रात्री त्याचा अकरावीतला मुलगा गेम खेळतो. दिवाळीत या मुलाने साठवलेल्या पैशांतून एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणारं कार्ड, आणलं, जीटीएक्स १०६०. दुकानात त्याने एकच प्रश्न विचारला होता, "आमच्या बोर्डात बसतंय का?"

"बसतंय की!"

आणि बसलंच. पंखे फिरले, टीव्हीला वायर जोडल्यावर विंडोजही उघडलं. गेम सुरू होऊन दोन मिनिटं झाली आणि पडदा काळा, पीसी आपोआप रीस्टार्ट. तीनदा असं झाल्यावर मला फोन आला, "काका, कार्ड खराब निघालं."

कार्ड ठणठणीत होतं. चुकला होता तो प्रश्न. जुन्या पीसीत नवं कार्ड घालताना खाच ही सगळ्यांत कमी त्रास देणारी गोष्ट असते, आणि आपण नेमकं तिचंच विचारतो.

ही खाच म्हणजे बोर्डावरचा, पीसीतल्या मुख्य पाटीवरचा, पीसीआय एक्सप्रेस स्लॉट. हे मानक २००३ मध्ये आलं. त्याआधीच्या एजीपी स्लॉटमध्ये आजचं कार्ड जातच नाही, त्यामुळे इतका जुना पीसी असेल तर विषय तिथेच संपला. पीसीआय एक्सप्रेसच्या आवृत्त्या मात्र बदलत गेल्या (दुसरी २००७, तिसरी २०१०, चौथी २०१७), पण खाचेचा आकार तोच राहिला. पीसी सुरू होताना बोर्ड आणि कार्ड आपसांत बोलून घेतात आणि दोघांना झेपेल तो वेग ठरवतात. म्हणून तिसऱ्या आवृत्तीचं कार्ड दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डात खुशाल चालतं.

"पण वेग निम्मा होणार ना?" हा पुतण्याचा पुढचा प्रश्न. रस्ता निम्मा होतो, हे खरं. या स्लॉटमध्ये १६ लेन असतात, १६ गल्ल्या म्हणा. दुसऱ्या आवृत्तीत त्या सगळ्यांतून मिळून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते, तिसऱ्यात जवळपास १६ जीबी. भावाचा पीसी २०११ च्या कोअर आय५-२४०० प्रोसेसरचा, एच६१ बोर्डाचा, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचा. तरी गेममध्ये याचा फरक फार जाणवत नाही. त्याचं कारण खालच्या मजल्यावर दिसतं. मागाशेजारी सूत रचून ठेवलेलं असलं, तर गोदामाकडून येणारी गल्ली अरुंद असली म्हणून माग थांबत नाही. कार्डाची स्वतःची मेमरी हे ते शेजारचं सूत. चित्रांचा बहुतेक माल एकदाच तिथे येऊन पडतो, नंतर गल्लीतून जातात त्या मुख्यतः सूचना.

गाडं अडतं ते जागा, म्हणजे कार्डाची मेमरी, कमी आणि गल्लीही अरुंद असली की. २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी हे त्याचं उदाहरण. त्याला मेमरी ४ जीबी आणि लेन फक्त ४. नव्या, चौथ्या आवृत्तीच्या बोर्डात त्या चार लेन सेकंदाला ८ जीबी नेतात. एच६१ सारख्या बोर्डात तेच कार्ड २ जीबीवर येतं. मेमरी भरली की माल सारखा गोदामातून मागवावा लागतो आणि गेम धक्के खातो. म्हणजे जुन्या पीसीवाल्यांना परवडणारं म्हणून जे कार्ड दिसतं, ते नेमकं त्यांच्याच पीसीत सर्वांत वाईट चालतं. कार्डाचा कनेक्टर लांबीला पूर्ण असला तरी आत लेन चारच असू शकतात. विकत घेण्याआधी हा आकडा जरूर शोधावा.

तर मग पुतण्याचा पीसी बंद का पडत होता? मी डबा उघडला आणि थेट एसएमपीएसचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या आतल्या पेटीचं, लेबल वाचलं. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात आणि लेबलावर त्या रकान्यात होते १६ अँपिअर. १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसरची गरज ९५ वॅटपर्यंत, कार्डाची १२०. बेरीज २१५, आणि पंखे, हार्ड डिस्क अजून धरलेच नाहीत. नुसतं विंडोज चालताना दोघेही आरामात असतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. गेम सुरू झाला की दोघे एकदम वीज ओढतात आणि एसएमपीएस मान टाकतो.

त्यात आणखी एक गंमत होती. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढे सहा पिनांची वायर आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. या एसएमपीएसला सहा पिनांची वायरच नव्हती, म्हणून दुकानदाराने साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, प्लगवरून एक जोड वायर दिली होती. साटाच्या प्लगची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट. अशा वायरी वितळतात, हे मी पाहिलेलं आहे. ती वायर मी काढून कचऱ्यात टाकली आणि पुतण्याला सांगितलं की कार्ड राहू दे, आधी नीट एसएमपीएस आण. ज्यांना तो खर्च नको असेल त्यांनी ७५ वॅटच्या आतलं, वेगळी वायर न लागणारं कार्ड बघावं. जीटीएक्स १०५० टीआय आणि १६५० चे बरेचसे नमुने तसे आहेत. वापरलेलं घेताना मात्र जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये तपासून घ्यावं. जुन्या कार्डावर १०५० टीआयचं नाव चढवून विकण्याचा धंदा बराच चालला आहे.

कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड पीसी स्वस्तात मिळतात. त्यांच्या बाबतीत टेप घेऊनच बसावं. डबा बारीक असेल तर निम्म्या उंचीचंच कार्ड मावतं आणि एसएमपीएसचा प्लगही अनेकदा त्या कंपनीचा वेगळा असतो, बाजारातला नेहमीचा लागत नाही.

नवा एसएमपीएस आला, पीसी चालला. मग भावाची तक्रार, "माझा मॉनिटर कुठे लावू?" त्याचा जुना मॉनिटर निळ्या व्हीजीए प्लगचा. जीटीएक्स कार्डं काढणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने १००० मालिकेपासून कार्डातून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल काढून टाकला. कार्डावर डीव्हीआयची जागा दिसते, पण आडव्या पट्टीभोवतीची चार भोकं नसतात, त्यामुळे जुना साधा अडॅप्टर शिरत नाही. इथे सिग्नल खरोखर बदलणारा, आत चिप असलेला एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो.

बायोसचा, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचा, घोटाळा आमच्या नशिबी नव्हता, पण तो असतो. काही जुन्या बोर्डांवर नवं कार्ड लावलं की पडदा काळाच राहतो आणि बायोस अपडेट केल्यावर उजेड पडतो. उलटंही होतं. खूप जुनं कार्ड युईएफआयशी, म्हणजे बायोसच्या नव्या अवताराशी, बोलू शकत नाही, म्हणून नव्या बोर्डात चित्र दाखवत नाही. इंटेलच्या आर्क कार्डांना तर रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सोय लागते आणि इंटेल स्वतःच दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असावा असं सांगतं. एच६१ वाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

ड्रायव्हरचंही, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणाऱ्या प्रोग्रॅमचंही, बघावं लागतं. एनव्हिडियाने ३२ बिट विंडोजसाठी नवे ड्रायव्हर २०१८ मध्ये थांबवले आणि विंडोज ७ साठी २०२१ मध्ये. भावाच्या पीसीवर विंडोज ७ च होतं. ते बदलावं लागलं.

एवढं करून गेम सुरळीत झाला. भावाचं डिझाइन मात्र पूर्वीइतक्याच वेळात उघडत होतं, कारण त्याच्या प्रोग्रॅमला ग्राफिक्स कार्डाशी फारसं देणंघेणंच नाही. हार्ड डिस्कच्या जागी तिच्याहून कितीतरी वेगवान एसएसडी बसवल्यावर तो खूश झाला. खरं सांगायचं तर बहुतेक घरांत पहिला पैसा तिथेच घालावा.

मग एप्रिल आला आणि गेम पुन्हा रखडू लागला. कार्डाचा पंखा चिपची उष्णता खोलीतल्या हवेतच सोडतो, त्यामुळे खोली २५ अंशांऐवजी ४० वर गेली की चिपही साधारण तेवढीच वर सरकते. जीटीएक्स १०६० सुमारे ८३ अंशांवर स्वतःचा वेग उतरवायला लागतं. आमच्याकडे उन्हाळ्यात ४० म्हणजे नेहमीचंच. शिवाय खालच्या मागांवरून उडालेली सुताची पिंज जिन्यातून वर येते. कार्ड काढून पाहिलं तर पट्ट्यांमध्ये पांढरी गादी जमलेली. पंख्याला बोट लावून धरलं, रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं आणि पीसीचा डबा जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला. ८३ चे ७४ झाले. आता दर महिन्याला माग बंद असतात त्या दिवशी पुतण्या ब्रश घेऊन बसतो.