गालावरचा चट्टा, तोंडातला फोड : क्रीम मागण्याआधी एवढे वाचा

"चेहऱ्यावर वांग आलेत, एखादे चांगले क्रीम द्या," असे आमच्या मेडिकलमध्ये नेहमी कुणीतरी म्हणते. बहुतेकदा ते वांगच असतात. पण ल्युपसची सुरुवातही गालावरच्या अशाच डागाने होऊ शकते, म्हणून हे पत्रक.

ल्युपसमध्ये आपली रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात, त्याही बहुतेक १५ ते ४५ वयाच्या. हा आजार संसर्गजन्य नाही. ताट-टॉवेल वेगळे ठेवायची अजिबात गरज नाही.

चट्टा दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरतो. नाकाच्या बाजूने ओठाकडे उतरणारी घडी मात्र बहुधा कोरी राहते. सावळ्या त्वचेवर तो लाल न दिसता जांभळट, काळपट दिसतो आणि तिथेच फसगत होते. वांगही उन्हाने वाढतात, पण ते सपाट असतात. उन्हातून आल्यावर चट्टा सुजत असेल, सोबत सांधे दुखत असतील, बारीक ताप येत असेल, तर ते वांग समजू नका.

डोक्यात किंवा कानाच्या खोलगट भागात गोल, जाड, खपलीचे चट्टे आले तर थांबू नका. त्यांचा व्रण पडला की तिथे केस पुन्हा येत नाहीत.

तोंड आले की आपण बी-कॉम्प्लेक्स घेतो. ल्युपसचे फोड मात्र अनेकदा तोंडाच्या टाळूवर येतात आणि दुखतही नाहीत, त्यामुळे कळतच नाहीत. आरशासमोर तोंड उघडून बघा. नाकाच्या आतही फोड येतात.

स्टेरॉइडचे क्रीम आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, कृपया आग्रह करू नका. त्याने चट्टा फिका पडतो, आतला आजार चालूच राहतो. लघवीला फेस येऊ लागला किंवा पायांवर सूज आली तर मूत्रपिंडाची तपासणी लगेच करायला हवी.

गजकर्णावरची टर्बिनाफिन किंवा बीपीची हायड्रोक्लोरोथायझाइड यांसारख्या गोळ्यांनीही काहींना असे चट्टे येतात. नवी गोळी सुरू झाल्यावर ते दिसले तर डॉक्टरांना गोळीचे नाव सांगा. बीपीची गोळी मनाने बंद करू नका.

निदान झाल्यावर बहुतेकांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मिळते. मलेरियाची गोळी कशाला, म्हणून अनेक जण ती सोडतात. सोडू नका, गरोदरपणातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सुरुवातीला एकदा, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.