जुन्या विद्युत दिव्यांची हद्दपारी
तापदीप्त बल्ब, हॅलोजन दिवे आणि ट्यूबलाइट टप्प्याटप्प्याने बाजारातून काढून त्यांच्या जागी प्रकाश-उत्सर्जक डायोड, म्हणजेच एलईडी, आणण्याची प्रक्रिया एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जगभर सुरू झाली. बहुतेक कायद्यांनी एखाद्या दिव्यावर नाव घेऊन बंदी घातली नाही. एका वॅटला किमान किती ल्यूमेन (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश मिळाला पाहिजे एवढेच ठरवले आणि जुने दिवे त्या कसोटीवर आपोआप बाद झाले.

तापदीप्त बल्बमध्ये टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि घेतलेल्या विजेपैकी जेमतेम ५ टक्के भाग प्रकाश होऊन बाहेर पडतो. बाकी सगळी उष्णता असते. बराच वापरलेला बल्ब उजेडाकडे धरून पाहिला, तर काचेवर आतून राखाडी झाक दिसते. ते तारेतून उडून गेलेले टंगस्टन असते. तार झिजत झिजत एके ठिकाणी अगदी बारीक होते आणि सुमारे १,००० तासांनंतर, बहुधा बटण दाबताक्षणी, बल्ब उडतो. हॅलोजन दिव्यात आयोडीन किंवा ब्रोमीन हे उडालेले टंगस्टन तारेवर परत आणते, त्यामुळे आयुष्य वाढते, पण उष्णतेची उधळपट्टी फारशी कमी होत नाही.

ट्यूबलाइट आणि तिचे आटोपशीर रूप असलेला सीएफएल यांत पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अतिनील किरण काचेच्या आतील लेपावर पडून प्रकाश निर्माण होतो. बल्बपेक्षा वीज कितीतरी कमी लागत असल्याने सुरुवातीला सीएफएललाच बल्बचा पर्याय मानले गेले. पुढे पारा हेच त्याच्या निवृत्तीचे कारण ठरले. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधील परिषदेत सर्वसाधारण वापराच्या अशा दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले.

लाल एलईडी १९६२ मध्येच तयार झाला होता. अडले होते ते निळ्या रंगापाशी. तो तेजस्वी निळा डायोड १९९० च्या दशकात साधला आणि त्यावर पिवळा प्रकाश देणारा लेप चढवताच पांढरा प्रकाश मिळाला. या कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यामुळे ६० वॅटच्या बल्बइतका उजेड आता ८-९ वॅटमध्ये मिळतो.

युरोपीय संघाने २००९ ते २०१२ या काळात तापदीप्त बल्ब आणि २०१८ मध्ये घरगुती वापराचे बहुतेक हॅलोजन बल्ब बाद केले. अमेरिकेत वॅटमागे ४५ ल्यूमेनची अट ऑगस्ट २०२३ पासून पूर्णपणे लागू झाली.

या बदलात एक गोष्ट मात्र खरोखर गमावली गेली, ती म्हणजे दुरुस्तीची सोय. ट्यूबलाइट लुकलुकू लागली की स्टार्टर बदलून काम भागत असे. एलईडी बल्बमध्ये डायोड एकाच साखळीत जोडलेले असतात. त्यांतल्या एकावर काळा ठिपका पडून जोडणी तुटली की सगळा बल्ब विझतो, आणि बाकीचे शाबूत डायोड कचऱ्यात जातात. अनेकदा तर डायोड ठणठणीत असतात आणि वीजपुरवठा सांभाळणारे ड्रायव्हर सर्किटच उष्णतेने निकामी होते. रस्त्यांवरच्या निळसर पांढऱ्या दिव्यांमुळे रात्रीचे आकाश अधिक उजळते, ही खगोल अभ्यासकांची तक्रारही रास्त आहे. सोडियम दिव्यांचा नारिंगी प्रकाश वातावरणात तितका विखुरत नसे.

ओव्हनच्या आत मात्र तापदीप्त दिवा अजून टिकून आहे, कारण तिथल्या उष्णतेत एलईडी तग धरत नाही, आणि म्हणूनच बहुतेक नियमांनी त्याला सूट दिलेली आहे.