आयर्लंडमधे 'क्युअर असणं' वेगळं, घरगुती औषध वेगळं

आयरिश घरगुती उपाय म्हणून कुठलीही लिस्ट उघडा, त्यात कॅरागीनचं दूध पण असतं आणि सातव्या मुलाच्या सातव्या मुलाने हात फिरवला की गजकर्ण जातं हे पण, मग वाटतं सगळा एकच आजीबाईचा बटवा. तसं नाहीये. घोळ जुनाच आहे, १९३७ ते १९३९ मधे तिथल्या फोकलोर कमिशनने (लोकपरंपरा गोळा करणारी सरकारी संस्था) शाळेतल्या पोरांना घरच्या म्हाताऱ्यांकडून असलं सगळं वहीत लिहून आणायला लावलं, पोरांनी जे ऐकलं ते एकाखाली एक उतरवलं.

कॅरागीन म्हणजे खडकाला धरून वाढणारं लालसर जांभळं समुद्री शेवाळ. वाळवलेलं मूठभर भिजवायचं, दुधात मंद आचेवर ठेवायचं, गाळायचं, दूध दाट आणि जरा बुळबुळीत होतं, मध घालून गरमगरम घ्यायचं. खोकला जातो का माहीत नाही पण खवखवणाऱ्या घशाला बरं वाटणार हे उघड आहे. आइस्क्रीमच्या पाकिटावर ४०७ नंबर दिसतो ना, तो असल्याच लाल शेवाळांतून काढलेला कॅरागीनन. इथे गुण शेवाळाचा, करणारं कोणीही असो.

'क्युअर' मात्र माणसाकडे असतो. "तिच्याकडे भाजल्याचा क्युअर आहे" असंच बोलतात. आपल्या हातगुणासारखं, फक्त बहुतेक एकाच दुखण्यापुरतं. जन्माआधीच वडील गेलेलं मूल तान्ह्या बाळाच्या आलेल्या तोंडावर फुंकर मारतं, माहेरचं नि सासरचं आडनाव एकच असलेल्या बाईच्या हातची भाकरी डांग्या खोकल्यावर. पैसे द्यायचे नाहीत, बऱ्याच ठिकाणी थँक्यू पण म्हणायचं नाही. मला सगळ्यात आवडलेला म्हणजे पांढऱ्या घोड्यावरून चाललेल्या माणसाला थांबवून डांग्या खोकल्याला काय करू विचारायचं आणि तो तोंडाला येईल ते सांगेल तेच करायचं!! म्हणजे औषध काय ह्याला काडीची किंमत नाही.

रांजणवाडीला गूजबेरीचे दहा काटे तोडून नऊ डोळ्यासमोर धरायचे नि दहावा फेकायचा, ह्यात झाड आहे म्हणून लोक वनौषधीत टाकतात, पण काटा डोळ्याला लागतच नाही.

उत्तर आयर्लंडच्या फर्माना परगण्यातल्या बोहो गावच्या चर्चच्या आवारातली माती मात्र कुठे टाकायची कळत नाही. तिथल्या १८१५ ला वारलेल्या फादरच्या नावाने चिमूटभर माती फडक्यात बांधून उशीखाली ठेवतात. २०१८ मधे स्वान्सी युनिव्हर्सिटीच्या लोकांना त्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक नवीन जिवाणू सापडला, लॅबमधे तो एमआरएसए ह्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना न जुमानणाऱ्या चिवट जिवाणूलाही वाढू देत नाही. तरी माती काम झाल्यावर परत नेऊन ठेवायची, नाहीतर अपशकुन, हा नियम आहेच.