आधी पाणी आटू द्या: मशरूम-चीजच्या उघड्या बर्गरचं विज्ञान

बनचा खालचा अर्धा भाग, त्यावर परतलेले मशरूम, त्यावर चीज, आणि वरून आच. उघड्या बर्गरची कृती एवढीच. तरी घरी तो बरेचदा फसतो. पाव ओला गिच्च होतो, मशरूम फिकट आणि पचपचीत राहतात, चीजमधून तेल सुटतं. यातल्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे: पाणी.

मशरूमच्या वजनात सुमारे ९० टक्के पाणी असतं. म्हणजे २०० ग्रॅम मशरूम पॅनमध्ये टाकले, तर त्यातलं १८० ग्रॅमच्या आसपास पाणीच. ते सुटतं आणि मशरूम स्वतःच्याच पाण्यात शिजू लागतात. पॅनमध्ये पाणी आहे तोवर त्यांचं तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही, आच कितीही मोठी करा. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ८० कॅलरी उष्णता लागते, पण त्याच उकळत्या ग्रॅमची वाफ करायला तब्बल ५४०. खरी मेहनत तिथे आहे. खरपूस रंग आणि वास ज्या अभिक्रियेतून येतो, तिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२मध्ये केलं. अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली ही अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. तेव्हा पाणी आटल्याशिवाय मशरूम तांबूस होणारच नाहीत. पसरट पॅन घ्या आणि गर्दी करू नका. कान देऊन ऐका: आधी बुडबुड ऐकू येते, मग हळूहळू कोरडी चरचर सुरू होते. ती सुरू झाली की पाणी संपलं समजा, आणि तिथून पुढे मशरूम जरा वेळ न हलवता राहू द्या.

इतका वेळ परतले तर वातड होतील, ही भीती मात्र सोडून द्या. मांस जास्त शिजलं की त्यातली प्रथिनं आकसून ते चिवट होतं. भाज्यांच्या पेशीभित्तिकांतलं पेक्टिन विरघळून त्या गाळ होतात. मशरूमच्या पेशीभित्तिका काइटिनच्या असतात. खेकड्याच्या कवचात असतं तेच हे काइटिन, आणि स्वयंपाकातल्या उष्णतेला ते दाद देत नाही. दहा मिनिटं परतले काय नि अर्धा तास काय, चावायला मशरूम जवळपास तसेच लागतात.

आणखी एक युक्ती, ऐकायला उफराटी आहे. सुरुवातीला तेल घालू नका, दोन चमचे पाणी घाला आणि झाकण ठेवा. पाणी काढायचंय तर पाणी घालायचं कशाला? कच्च्या मशरूमच्या तंतूंमध्ये हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्या तेल भराभर पितात. वाफेने त्या खचल्या की मशरूम आक्रसतात, मग झाकण काढून पाणी आटवा आणि थोडंसंच तेल घाला. तेवढं पुरतं.

आता चव. मशरूम आणि चीजची जोडी इतकी जमते त्यामागे रसायनशास्त्र आहे. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हा चव देणारा रेणू वेगळा केला आणि उमामी, म्हणजे रश्श्यासारखी भरदार, ही पाचवी चव जगापुढे ठेवली. १९५७मध्ये अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेट या रेणूलाही उमामी चव असल्याचं ओळखलं. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले, की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. मुरलेल्या चीजमध्ये प्रथिनं तुटून मोकळं ग्लुटामेट भरपूर झालेलं असतं. ग्वानिलेट मशरूमकडून येतं, आणि वाळवलेल्या शिताके जातीच्या मशरूममध्ये ते विशेष असतं. म्हणून वाळलेल्या शिताकेची चिमूटभर पूड मशरूममध्ये टाकून बघाच.

चीज निवडताना मात्र चव आणि वितळणं यांचं जुळत नाही. चीजमधली चरबी ३२ अंशांच्या सुमारास वितळू लागते, पण केसीन प्रथिनांचं जाळं सैल व्हायला मऊ चीजला ५५, चेडारला ६५, तर कडक परमेजानला ८०च्या वर तापमान लागतं. या जाळ्याचे धागे कॅल्शियम जोडून ठेवतं. आम्ल घालून दूध फाडून केलेल्या चीजमधलं कॅल्शियम निघून गेलेलं असतं, प्रथिनं थेट एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि असं चीज भाजलं जातं पण वितळत नाही. फार तापवलं तर कुठलंही चीज आकसतं आणि पाणी व चरबी बाहेर पिळून टाकतं. ते सुटलेलं तेल हेच. माझी पसंती मोझरेला किंवा कोवळं चेडार, आणि चवीपुरतं किसलेलं परमेजान. किसलेलं चीज लवकर आणि सारखं तापतं.

पावाची कापलेली बाजू आधी लोणी लावून कडक भाजून घ्या. कोरडा थर आणि स्निग्ध पापुद्रा ओल अडवतात. वर दुसरा अर्धा नसल्याने उरलीसुरली वाफ कोंडत नाही, आणि ग्रिलची उष्णता सरळ चीजवर पडते. मशरूम गरम असतानाच रचा, म्हणजे चीजला वरून मिनिटभराची आच पुरते. कडेला बुडबुडे आले की लगेच बाहेर काढा आणि जरा थांबा. चीज थोडं निवलं की प्रथिनांचं जाळं पुन्हा धरतं, आणि पहिल्याच घासाला सगळं चीज ओघळून खाली येत नाही.