शिया बटर ओलावा देत नाही, राखतं

'त्वचा कोरडी पडली? शिया बटर चोळा, ओलावा मिळेल', हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पण शुद्ध शिया बटरमध्ये पाणी जवळपास नसतंच. सहाराच्या दक्षिणेला, कोरड्या गवताळ पट्ट्यात वाढणाऱ्या शिया झाडाच्या बियांतून काढलेलं ते घट्ट तेल आहे. त्यात मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक ही तेला-तुपातली मेदाम्लं असतात. जे स्वतःकडेच नाही, ते देणार कुठून?

त्याचं खरं काम राखणदाराचं. त्वचेतलं पाणी सतत हवेत उडत असतं. शियाचा थर ते बरंचसं अडवतो आणि खरखरीत पापुद्रे मऊ करतो. म्हणून लावायची वेळ महत्त्वाची. पार सुकलेल्या पायांवर लावलं तर राखायला ओलावाच थोडा उरलेला असतो. अंघोळीनंतर अंग नुसतं टिपून घ्या. हाताला दमटपणा लागत असतानाच वाटाण्याएवढा गोळा तळहातांत चोळा, उबेनं वितळला की हलकेच पसरवा. एवढासा पुरतो, खरंच.

आणि हो, 'नैसर्गिक सनस्क्रीन' म्हणून त्यावर कृपया विसंबू नका. उन्हापासून त्याचं संरक्षण अगदीच तोकडं आहे.